बाबांची खूण

॥ श्री ॥
ता. ४ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.
तू मागितलेले लाकडाचे पातळ पापुद्रे ह्यांच्या ढिगातून, ह्यांना न सांगता काढून पाठवलेत. ज्यांवर ह्यांची पसंतीची पेन्सिलची खूण होती, त्यांना हात लावला नाही. लगेच लक्षात आलं असतं. सुताराची मुलगी लाकडाची काच करायला निघाली, हे ह्यांचं पालुपद चालूच आहे. तुझं नाव निघालं की करवत जोरात चालते. वाटेत तडकू नयेत म्हणून पापुद्र्यांना जवसाचं तेल चोळलंय, अगदी कोपऱ्यांपर्यंत. वेळेवर जेवत जा. देव पाठीशी आहेच.
तुझी आई

ता. ११ मार्च

ती. आईस सा. न.
तेल कशाला गं चोळलंस! लाकूड रसायनात उकळून मी त्याचा रंग काढते, मग रिकाम्या झालेल्या छिद्रांत राळ भरते, तेव्हा ते आरपार दिसतं. तेलामुळे राळ आत शिरलीच नाही. सगळे पापुद्रे मोतीबिंदू झाल्यासारखे! यंत्रावर कापलेले उकळताना फाटतात. वीस तारखेला परीक्षक येणार. एकही तुकडा स्वच्छ निघाला नाही तर काम बंद, असं प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी बजावलंय. बाबांना विचारशील? नको, विचारू नकोस. बरं, विचारच.
तुझी वेंधळी चिमणी

॥ श्री ॥
ता. १४ मार्च

चि. चिमणीस आशीर्वाद.
ह्यांच्यापुढे सगळं कबूल केलं. चोरीबद्दल चकार शब्द नाही; कोऱ्या लाकडाला तेल लावलंच कसं, म्हणून मात्र घर डोक्यावर घेतलं. ताटावरून उठून रंधा घेऊन बसले. पाच पापुद्रे निघालेत. मी दिलेत हे तिला कळवू नकोस, म्हणाले. मी नुसते कोरड्या फडक्यात गुंडाळलेत. प्रार्थनेला बसते, पण निम्म्यात विसरते. काय होईल ते लगेच कळव.
तुझी आई

ता. २१ मार्च

ती. आईस सा. न.
दोन फाटले, दोन कडेनं धुरकटले, एक निघाला! छापील कागदावर ठेवला की खालचं अक्षर न् अक्षर वाचता येतं. काम वर्षभर चालू राहणार!
पण गंमत ऐक. लाकडाचा सगळा रंग गेला, कोपऱ्यातली बाबांची पेन्सिलची खूण तेवढी गेली नाही. आता ती अधांतरी तरंगल्यासारखी दिसते. परीक्षकांनी विचारलं, हा डाग कसला? मी सांगितलं, तुमच्या आधीच्या परीक्षकाची सही आहे.
तुकडा पाठवतेय. बाबांना काही सांगू नकोस, नुसता खिडकीत ठेव. आणि आई, पुसायला तेल घेऊ नकोस.
तुम्हा दोघांची
चिमणी