हिरव्या झाकणाची बाटली

माझ्या ठोंब्या,

मला अक्षरं येत नाहीत, म्हणून तुझी बायको लिहून घेते आहे. मी सांगते त्यातल्या शिव्या ती गाळते, हे तुझं नशीब.

तू तिकडे दवाखान्यात आणि मी इथे डोकं खाजवत बसले आहे. "आजी, दारूआधी ही गोळी घेतली की आतड्याला काही होत नाही," असं तूच म्हणाला होतास ना? बाटलीवर काय लिहिलंय ते मला कसं कळणार? हिरव्या झाकणाची, एवढीच माझी ओळख. तू वर्कशॉपमधून आलास की मी आधी गोळी तुझ्या हातावर ठेवायचे, मगच तुला पेला घेऊ द्यायचे. एक दिवस चुकवला नाही.

काल डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या कोण द्यायचं?" मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "मी!" त्या म्हणाल्या, "आजी, गोळ्यांनी दारूपासून आतडं वाचत नाही. दारूच थांबवायला हवी होती."

तेव्हापासून काही सुचत नाही. गोळ्या नव्हत्या तेव्हा पोटाला भिऊन तू एका पेल्यावर उठायचास. गोळ्या आल्या, तू निर्धास्त झालास आणि तीनवर गेलास. मग मी तुला जपलं की पाजलं?

तुझी बायको विचारते, "आजी, डब्यासोबत पाठवू का हे?"

मी म्हटलं, "थांब गं. माफी कुणी कुणाची मागायची, ते आधी मला कळू दे."

तुझी,
खुळावलेली आजी