सिफाच्या टाकीचा तळ

प्रिय सिफा,

खोकं उघडलंस की पिशव्या लगेच फोडू नकोस. तशाच बंद टाकीत तरंगत ठेव, अर्धा तास. आतलं पाणी आणि तुझं पाणी सारखं कोमट झालं की मग सोड. मासे मंगळवारपासून उपाशी आहेत, म्हणजे वाटेत पिशवीतलं पाणी घाण होणार नाही. एलिया त्यांची दया येऊन आल्याआल्या चारा टाकायला जाईल, त्याला हात लावू देऊ नकोस. त्या अर्ध्या तासात हे पत्र वाच. तीन वेळा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा फक्त माशांबद्दल लिहून घडी घातली. यावेळी शेवटपर्यंत लिहिणार आहे. वाचल्यावर कदाचित तुला वाटेल की बाळंतपणाला मी दोदोमाला येऊ नये. तसं वाटलं तर सांग. मी कपड्यांची पिशवी भरून ठेवली आहे, पण तिकीट काढलेलं नाही.

गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालीस, आई, टाकी वर भरली, मध्ये भरली, तळ तेवढा ओकाबोका दिसतो, काय टाकू? आणि मागून एलियाचा आवाज आला की खाली पडलेलं उष्टं आणि घाण खाणारे दोन स्वस्तातले मासे पाठवा म्हणावं आईंना. मी हसले खरी, पण मला लागलंच थोडं. सगळ्या गिऱ्हाइकांचा हाच समज असतो. तळाचा मासा म्हणजे मोलकरीण नव्हे गं. त्याला त्याचं वेगळं खाणं लागतं, बुडणारं, आणि तेही वरच्या हावरटांची पोटं भरल्यावर, दिवा मालवून, नाहीतर वाटेतच सगळं फस्त होतं. उष्ट्यावर ठेवलेले मासे मरत नाहीत, नुसते बारीक होत जातात, आणि मालकाला वाटतं, जातच बारीक असेल. तुझे बाबा तुला आधी वाढायचे आणि मग स्वतःच्या आईला. म्हातारी चिडायची, म्हणायची, गेर्वास, तुला माणसांची पंगत कळत नाही. ते म्हणायचे, आई, मला माशांचीच कळते.

बाबांचा आग्रह होता वाम पाठवायचा. कपारीत राहणारी, हातभर लांब, काटेरी पाठीची. म्हणाले, पाठव, एलिया जावई रात्री पाणी प्यायला उठेल आणि ती जमिनीवर दिसेल, मजा येईल. ती झाकणाच्या फटीतून खरंच बाहेर पडते आणि लहान मासे गिळते, म्हणून मी नाही म्हटलं. ते दोन दिवस रुसले. बुड्या मारून मारून कान अजून दुखतो त्यांचा, पण पाण्यात उतरायचं सोडत नाहीत.

तर मी तुला दोन जातींचे मासे पाठवते आहे. एक ते शंखात राहणारे, बोटाच्या पेराएवढे. सहा आहेत, आणि बारा रिकामे शंख कापडात गुंडाळून वेगळे ठेवलेत. तळाला खडी असेल तर आधी काढून टाक, बारीक वाळूच हवी, चार बोटं तरी. शंख नुसते वरून टाकून दे. तू टापटिपीची, तुझा हात शिवशिवेल, ओळीने मांडावेसे वाटतील. मांडू नकोस. मासे पाठवायच्या आपल्या केंद्रात नवीन आलेल्या प्रत्येकीने हीच चूक केली आहे, मीसुद्धा. हौद धुताना सगळे शंख उचलून, घासून, छान रांगेत लावले. सकाळी सगळे मासे कोपऱ्यात अंग चोरून उभे. प्रत्येकाने आपापला शंख वाळूत पुरून फक्त तोंड उघडं ठेवलेलं असतं, कुठल्या बाजूला तोंड ठेवायचं हे त्याने ठरवलेलं असतं. आपण उचलला की त्याचं घर मोडतं.

दुसरे ते ठिपक्यांचे मिशीवाले. हो, तेच. पाच पाठवते, कारण एकटादुकटा ठेवला तर तो दगडामागून बाहेरच येत नाही. हे बाबांनी चाळीस हात खोलातून आणलेत. एवढ्या खोलातला मासा एकदम वर आणता येत नाही, पोटातली हवा फुगून तो मरतो. पिंजरा रोज थोडा वर ओढायचा, दोर बांधायचा, घरी यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडा. या पाचांना चार दिवस लागले.

तुझ्या टाकीत कपाळावर टेंगूळवाले निळे मासे आहेत, त्यांच्यासोबत तळाला याच्याइतका शोभणारा आणि टिकणारा दुसरा मासा नाही, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तरी दोन वर्षांपूर्वी टाकी घेतलीस तेव्हा मी तुला याचं नावही सांगितलं नाही. का, ते तुला कळलं असेल. तू आठ वर्षांची होतीस. हौदावर पेलाजिया माझ्या शेजारी मासळी वेचत होती, आणि मी तुझी वेणी घालत होते. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सिफाच्या आई, तुझ्या तोंडात कुणाचं अंडं आहे गं?" बायका हसल्या. इथे हे सगळ्यांना माहीत असतं, की जी मासळी आपली अंडी तोंडात धरून उबवते, तिच्या अंड्यांत हा ठिपकेवाला गुपचूप आपली अंडी सोडतो आणि ती बिचारी त्याचीच पिल्लं वाढवते. तू मला घरी येऊन विचारलंस, मी अंडं आहे का? मी त्या दिवशी तुला सांगितलं की तुझी आई इथे पिशव्या धुवायला होती, तिचं नाव वाबिवा, लढाईत नवरा हरवला होता, त्याला शोधायला ती सरोवरापलीकडे गेली, महिन्याने येते म्हणाली. तू विचारलंस, मग आली नाही? मी म्हटलं, नाही आली.

त्या माशाबद्दल लोक आणखीही बोलतात, की त्याची पिल्लं घरच्या पिल्लांना खातात. ते खरं आहे. पण माझ्या तोंडात दुसरं पिल्लू नव्हतंच, सिफा. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि मला सगळे गेर्वासची बायको म्हणायचे. आपल्याकडे बाईला नाव मूल देतं. तू आलीस, आणि महिन्याभरात बाजारातली मीठवाली मला "सिफाची आई" म्हणून हाक मारायला लागली. मी पहिल्यांदा ओ दिली तेव्हा घरी येऊन दार लावून रडले होते.

रविवारी फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, दवाखान्यात विचारतात, तुझ्या आईला बाळंतपणात काही त्रास झाला होता का, मी काय लिहू? आणि मग लगेच म्हणालीस, जाऊ दे, तुला कुठून माहीत असणार. मी म्हटलं, हो ना, मला कुठून. आणि वाळू किती घालायची ते सांगत बसले.

ती आली होती, सिफा. तू सहा वर्षांची होतीस तेव्हा. केंद्राच्या फाटकावर पहाऱ्याला हमिसीकाका होते. त्यांनी नाव विचारलं, ती म्हणाली, सिफाची आई. काका हसले, म्हणाले, सिफाची आई तर आत हौदावर आहे. मला बोलवायला आले तेव्हाही हसत होते. मी बाहेर गेले. ती वाळली होती, तिच्या हातात ताडाच्या लाल तेलाची बाटली आणि छापील कापडाचा एक नवा किटेंगे होता, तुझ्या मापाने दुमडलेला, पण चार वर्षांच्या मुलीच्या मापाने, तिच्या मनात तू तेवढीच होतीस. तू आत झोपली होतीस. मी तिला म्हटलं, तिला ताप आहे. ताप नव्हता. मी म्हटलं, ती मला आई म्हणते, तू अचानक समोर आलीस तर पोर मधोमध फाटेल, थोडी मोठी होऊ दे, मी निरोप पाठवीन. मला वाटलं ती भांडेल, मला ढकलून आत येईल. मी तशी तयारीही करून गेले होते. ती म्हणाली, "तू बोलावशील तेव्हा येईन." बाटली आणि किटेंगे माझ्या हातात दिले आणि धक्क्याकडे चालायला लागली. हमिसीकाका त्यानंतर माझ्याशी कधी हसले नाहीत, पण बोललेही नाहीत कुणाकडे. बाबांना मी हे काल सांगितलं. ते उठून बाहेर गेले आणि अजून माझ्याशी बोललेले नाहीत.

एकवीस वर्षांत मी निरोप पाठवला नाही. ती मात्र दर नाताळला होडीवाल्यांकडे कापड देत राहिली. तू दोदोमाला नेलेला पिवळा किटेंगे, लग्नातला निळा, सगळे तिचे. मी माझे म्हणून दिले. गेल्या नाताळच्या गाठोड्यात एका चिठ्ठीवर नंबर होता, आणि सोमवारी मी तो लावला. मी म्हटलं, सिफाची आई बोलताय का?  ती म्हणाली, "कधी येऊ?" दुसरं काही विचारलं नाही, मला एक शब्द वाकडा बोलली नाही. मी दवाखान्याचं विचारलं. तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, डॉक्टरीणबाईंना दाखव: तुझ्या वेळी सगळं नीट झालं, पण नंतरच्या दोन्ही मुलांच्या वेळी, बाळ झाल्यावर खूप रक्त गेलं, दुसऱ्या खेपेला ती वाचेल असं वाटलं नव्हतं. हे मी तुला रविवारीच विचारून सांगायला हवं होतं, हे कितीतरी आधीच तुला माहीत असायला हवं होतं. आणि हो, म्हणजे तुला दोन भाऊ आहेत. कधी यायचं ते मी तिला सांगितलं नाही. म्हटलं, आता सिफा सांगेल. बाळंतपणाला तिला बोलाव, मला बोलाव, दोघींना बोलाव किंवा कुणालाच नको, तू म्हणशील तसं. नंबर खाली लिहिला आहे. आधी त्यांच्या देशाचा आकडा लावावा लागतो, तोही लिहिला आहे. त्यांच्या गावात रेंज फक्त सकाळी असते, दहाच्या आत कर. ती पहिल्याच घंटेला उचलते.

तुझीच, आणि तू ठेवशील त्या नात्याने,
एदेलत्रुदा