चाकाचं कुलूप आणि माझं नाक

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, पण तो मान आईवडिलांचाच, असं बाबा म्हणाले, म्हणून कागद बदलला. मान कमी केला असं कृपा करून समजू नका.) तुमची तब्येत बरी असेल. मामीच्या पायाचं प्लास्टर आता आतून खाजत नसेल अशी आशा करते. माझं नाक ठणठणीत आहे, आणि हे पत्र मुळात त्यासाठीच लिहिते आहे.

परवा फोनवर मी सांगत होते ते 'चाक' होतं, मामा, 'नाक' नव्हे. चाक बसलं, त्याला कुलूप आहे, ते उघडत नाही, असं मी ओरडून सांगत होते. तुम्ही म्हणालात, वाफ घे. मग मी म्हटलं की आता त्यावर हातोडा मारणार आहेत, तेव्हा तुम्ही असल्या डॉक्टरकडे जाऊ नकोस म्हणालात. मागून मामीचा रडवेला आवाज आला, म्हणून मी फोन ठेवला. मामीला खरं सांगायची सोय नाही. गाडी अडली आहे हे कळलं तर ती प्लास्टरसकट बसनं निघेल. लेकीकडे कितीही कौतुक झालं तरी तिला झोप स्वतःच्याच पलंगावर लागते, आणि रविवारी तुमच्या गाडीतून, पुढची सीट पार मागे सारून, मी तिला घरी आणीन असा शब्द मी दिला आहे. म्हणून हे पत्र दादाच्या हाती आणि फक्त तुम्हाला.

झालं ते असं. लेकीकडे मामी पडल्याचं कळल्यावर तुम्ही घाईघाईत बसनं निघालात, जाताना किल्ली माझ्या हातात ठेवलीत आणि 'गाडी आपलीच समज' म्हणालात. मी तशी समजले नाही, नुसती पुसत होते. पण उभी गाडी खराब होते असं दादानं घाबरवलं, म्हणून ती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेली, आणि घराच्या दारात परत येता येता पुढचं चाक पंक्चर झालं. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. सगळे नट निघाले, एक सोडून. त्याचं डोकं गुळगुळीत गोल, पाना त्यावरून नुसता घसरतो. गॅरेजवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, हा चोरांसाठीचा नट, चाकाचं कुलूपच म्हणा, याची चावी आणा. मी गाडीची किल्ली पुढे केली. त्यानं किल्लीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घरात मोठं कोण आहे ते विचारलं.

बाबा आले. गॅरेजवाल्यानं धुळीत बोटानं चित्र काढलं: अंगठ्याएवढी लोखंडी नळी, तोंडाशी आतून फुलाच्या पाकळ्यांसारख्या खाचा. बाबांनी घर उलटंपालटं करून नळाची तोटी आणली, मग पडद्याच्या दांडीचं टोक, मग आईनं रागावून परत नेलं ते मिक्सरचं काहीतरी. शेवटी गॅरेजवाल्यानं एक लहान मापाचा पाना त्या नटावर हातोड्यानं ठोकून बसवला (प्रत्येक ठोक्याला मी डोळे मिटत होते), त्याला लांब पाइप लावला आणि बाबा हौसेनं पाइपवर उभे राहिले. पाना निसटला. बाबा रस्त्यावर बसले, आणि आपण मुद्दामच बसलो असं अजून सांगतात.

आता एकच उपाय आहे म्हणे. त्या नटावर दुसरा नट वेल्डिंग करून चिकटवायचा आणि तो फिरवायचा. पण त्यानं चाकाचा रंग जळेल. मी म्हटलं, मालकाला विचारल्याशिवाय जाळू देणार नाही. तो म्हणाला, "मग विचारा की ताई, मालक कुठंयत?" मी म्हटलं, "ते माझ्या नाकाच्या काळजीत आहेत." त्यानंतर तो बाबांशीच बोलायला लागला. वर त्यानं गाडीतला पुढचा कप्पाही उघडला आणि तुमची रुमालात बांधलेली पुरचुंडी बाहेर काढली. मी ती त्याच्या हातातून काढून घेतली. दुसऱ्यानं मारलेली गाठ आपण सोडायची नाही, ही आईची शिकवण मी त्याला जरा कडक शब्दांतच ऐकवली.

तर मामा, वेल्डिंगला परवानगी द्यावी. रंग मी स्वतः उभी राहून लावून घेईन.

तुमची भाची

ता. क. मामीला सांगा, नाक जागेवर आहे. तिनं नाकासाठी पाठवलेली बामाची बाटली दादाबरोबर परत पाठवते आहे, उघडलेली नाही.

आणखी ता. क. तुमची पुरचुंडी कपाटात कुलपात ठेवली आहे. उचलताना जड लागली म्हणून वरून अंगठ्यानं जरा चाचपली (हे उघडण्यात मोडत असेल तर क्षमा करा). आत नळीसारखं काहीतरी आहे आणि तोंडाशी पाकळ्या लागतात. दादा म्हणतो, सोड गाठ. मी म्हटलं, आधी विचारते. सोडू का? उत्तर दादाजवळ चिठ्ठीतच द्या. फोनवर विचारलं तर माझ्या नाकात गाठ झाली असं मामीला वाटेल.