भातुकलीतल्या शेंगा

आष्टी, गुरुवार. आश्विन, १९९४

एक हात सोनीच्या कपाळावर ठेवून लिहिते आहे.

दुपारी ही नात भातुकली खेळत होती. बोळक्यात सोललेले हिरवे दाणे, म्हणे डाळ. सून हसली, "तरोट्याचेच हायेत ओ आत्याबाई. पावसाळाभर भाजी खाल्ली की आपण." पण तरोट्याची शेंग बारीक आणि विळ्यासारखी वाकडी. बाजूला पडलेली टरफलं चपटी, कडेला फिकट. कुंपणाशी धावले. फुलं दोन्हींची पिवळीच, पण या झाडाचं पान टोकदार. तरोट्याचं टोकाला गोल असतं. म्हणजे कासविंदा. हे गेल्यावर वाचायची सवय लागली, तेव्हा एका पुस्तकात वाचलं होतं, याच्या दाण्यांनी लेकरं दगावतात.

"खाल्लेस का गं?" सोनी गप्प. सून ओरडली, तशी आणखीच गप्प. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उलटी झाली तर लगेच परत आणा.

टोकदार पान. रोज त्याच कुंपणावर धुणं वाळत घालते मी. मला कसं दिसलं नाही?

आत्ता जवळ घेतल्यावर बोलली. "समद्या बाहुल्यायला वाढलं. मी न्हाई खाल्लं."

"का गं?"

"मी आजी झाल्ते ना. आजीला गुरुवार असतो."

हे गेल्यापासून धरलेला उपास. तो कुणाच्या कामी येईल, असं कधी वाटलं नव्हतं. पण ओरडा बसू नये म्हणून तर खोटं बोलली नसेल?

कपाळ गार आहे. हात काढवत नाही.