डोळे नाही

शनिवार, ८ नोव्हेंबर, नायगाव

अण्णा, इतकी वर्षं तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, याची आधी माफी मागते. तुम्ही गेल्यापासूनच्या अकरा वर्षांत रोजनिशी एक दिवस चुकली नाही, नळाला पाणी किती वाजता आलं तेही लिहिलं, पण तुमच्याशी बोलणं टाळलं. आज लिहायला बसवलं ते एका पुस्तकाने. तुमची नात आता चौदा वर्षांची आहे. तिने किशोरवयीन मुलांसाठीची एक इंग्रजी भुताची कादंबरी आणली. मध्ये मध्ये खरेखुरे जुने फोटो छापलेत, लेखकाने जुन्या बाजारांतून गोळा केलेले. फोटोतली माणसं कोण, कुठली, कुणालाच माहीत नाही. गोष्टीत त्यांची भुतं झाली आहेत. "तू वाचेपर्यंत मी तुझ्याशी बोलणार नाही," अशी ताकीद मिळाल्यामुळे आज दुपारी गॅलरीत बसून वाचत होते. एका पानावर लोडाला टेकवलेलं एक तान्हं मूल आहे. कादंबरीत ते रोज थोडं थोडं फोटोच्या चौकटीबाहेर सरकतं. मी मात्र त्याच्या डोळ्यांतले पांढरे ठिपके पाहत राहिले. डाव्या डोळ्यातला डावीकडे, उजव्यातला उजवीकडे. खिडकी एक असेल तर दोन्ही डोळ्यांत ठिपका एकाच बाजूला हवा, हे तुम्ही मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकवलंत. म्हणजे हे डोळे मिटलेल्या पापण्यांवर कुणीतरी नंतर ब्रशने काढले आहेत. लेकीने माझ्याकडे बघून विचारलं, "तुझा चेहरा असा का झालाय? भूत तर पुस्तकात आहे." मी चहा ठेवायला उठले.

क्षणात मी पुन्हा आपल्या वसईच्या स्टुडिओत, डार्करूमच्या पडद्याआड, एकोणीस वर्षांची होते. ख्रिस्ती वाड्यांमधून मयताचे फोटो काढायला तुम्हालाच बोलावत. शवपेटीभोवती घरचे सगळे उभे, मधला माणूस झोपलेला. कुणी सांगितलंच तर तुम्ही प्रिंटवर शून्य नंबरच्या बारीक ब्रशने त्याचे डोळे उघडून द्यायचात. तुमच्या या कामाची खबर जूचंद्र गावापर्यंत गेली होती, म्हणून तिथला एक माणूस सायकलवरून तुम्हाला बोलवायला आला. त्याच्या बहिणीला मुलगी झाली होती, आणि जन्मतानाच गेली होती. तुम्ही गेलात, फोटो काढलात, परत आल्यावर जेवला नाहीत. सव्वा महिना झाल्यावर ती बाई स्वतः दुकानात आली. तुम्ही नेहमीसारखं विचारलंत, डोळे उघडे करून देऊ का. ती म्हणाली, "नको. मी तिचे डोले कदी बगलंच नाय. बंदच रवदे." तुम्ही पाकिटावर दोन शब्द लिहिलेत, "डोळे नाही", आणि पाकीट माझ्या ब्रशकामाच्या ट्रेमध्ये टाकलंत.

मी डोळे काढले. दोन दुपारी खपून काढले. पापणीची कड, बुबुळाभोवतीचं फिकट वर्तुळ, दोन्ही ठिपके डावीकडे. ती भावाबरोबर फोटो न्यायला आली तेव्हा मी मुद्दाम काउंटरवर उभी राहिले. तिने पाकिटातून फोटो काढला आणि बराच वेळ पाहिला. मग काउंटरवर उलटा ठेवला. "ही माजी नाय," ती म्हणाली. "कोनाची हाय ही?" भाऊ तिला समजावू लागला, तर ती तीच दोन वाक्यं पुन्हा बोलली, अगदी हळू, आणि पायऱ्या उतरून गेली.

तुम्ही पाकीट पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, मला वाटलं डोळे नाहीत, म्हणून काढायचे. तुम्ही रागावाल, निदान ब्रश काढून घ्याल, असं वाटलं होतं. तुम्ही धावत जाऊन त्या दोघांना रस्त्यात गाठलंत, आणि तुमचा आवाज मला आतपर्यंत आला, "चूक माझी झाली, बाय. मी नीट लिहिलं नाही." त्याच दिवशी तुम्ही दुसरी प्रिंट काढलीत, पापण्या मिटलेली. ती न्यायला कुणी आलं नाही. तुम्ही एकदा जूचंद्रला जाऊन आलात. ती सासरी गेली होती आणि घरच्यांना तो विषय नको होता. त्यानंतर दुकान बंद होईपर्यंत तुम्ही प्रत्येक पाकिटावर पूर्ण वाक्य लिहीत राहिलात. "डोळ्यांना हात लावायचा नाही." "फक्त मागची भिंत साफ करायची आहे." गिऱ्हाइकं हसायची, मास्तरांनी शाळा काढली म्हणायची. तुम्हीही हसायचात.

अण्णा, मी चुकीचं वाचलं नव्हतं. पडद्याआडून तिचा शब्द न् शब्द मी ऐकला होता. तरी काढले, कारण एवढ्या लहान चेहऱ्यावर मी कधी काम केलं नव्हतं आणि मला ते जमतं का हे बघायचं होतं. तुमचं ते वाक्य पाकिटावर दिसलं की दर वेळी सांगायचं ठरवायचे. सोळा वर्षं ठरवत राहिले, मग तुम्हीच गेलात. आता सांगते आहे ते तरी कुणासाठी, कळत नाही. ज्याच्याकडून ऐकून घ्यावं लागणार नाही त्याच्यापुढे कबुली देणं सोपं असतं, एवढं कळतं.

चहा तसाच ठेवून मी कपाटातून दोन्ही प्रिंट असलेलं ते पाकीट काढलं; दुकान बंद झालं तेव्हा मी ते ठेवून घेतलं होतं. लेक मागे येऊन उभी राहिली होती. उघड्या डोळ्यांचा फोटो पाहून म्हणाली, "हा त्या पुस्तकात सहज खपेल." मग विचारलं, "कोण आहे ही?" मी सगळं सांगितलं. तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "त्या बाई आता असतील की. फार तर पन्नाशीच्या." हा हिशेब मी इतक्या वर्षांत कधी केला नव्हता. किंवा केला नाही असं म्हणते आहे.

हे पत्र त्याच पाकिटात राहील. आणखी एक सांगायचं उरलं. उघड्या डोळ्यांची ती प्रिंट मी आज फाडायला घेतली आणि फाडली नाही. काम चांगलं झालंय, अण्णा.

उद्या: जूचंद्रला जाऊन पाकिटावर नाव लिहिलेल्या त्या भावाचं घर विचारणे. मिटल्या डोळ्यांचा फोटो न्यायचा आहे, दुसरा नाही.