पायऱ्यांवरची रांगोळी

बाई, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्याबद्दल बोलायचं तर समोरच्याला आधी तुम्ही कोण हे सांगावं लागतं. चित्रकलेच्या बाई, नाल्यापलीकडच्या वस्तीतून चालत शाळेत यायच्या, असं. म्हणून म्हटलं, तुमच्याशीच बोलावं. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिते आहे, ती मी टाकून देत नाही हे तुम्हाला आवडलं असतं. परवा सकाळी मी मैदानाच्या तोंडाशी गुडघे टेकून रांगोळी काढली आणि ती ओलांडून जेसीबी आत गेला नाही. ही गोष्ट सगळ्यांत आधी तुम्हाला सांगायला हवी होती. पण ती नीट कळायची तर मला मागून यावं लागेल.

आपली शाळा एमआयडीसीच्या रस्त्याला होती. वारा कंपन्यांकडून आला की वर्गात रसायनांचा वास यायचा आणि तुम्ही खिडक्या लावून घ्यायचात. रंगाच्या पेट्या वर्गात दोन-चार जणींकडेच. तुम्ही म्हणालात, रांगोळीला पेटी लागत नाही. मग आम्ही भाताच्या तुसाची राख चाळली, विटा कुटल्या, कोळसा कुटला, मिठात नीळ कालवली. चित्रकलेच्या तासाला अख्खा वर्ग फरशीवर उकिडवा. आधी झाडू, मग ओलं फडकं, मग रांगोळी, हा तुमचा क्रम. कोणी केरावरच चिमूट सोडली की तुम्ही तिला उठवायचात आणि परत झाडायला लावायचात. मी त्या वर्षी महाशिवरात्रीच्या जत्रेतून, शिवमंदिराच्या वाटेवरच्या दुकानातून, पत्र्याचा छापा आणला होता. कमळाचा. वर्गात ठेवला, वरून रांगोळी पसरली, उचलला, की कमळ तयार. मुली बघत राहिल्या. तुम्ही वाकून बघितलंत आणि म्हणालात, "सुरेख आहे. पण हे ज्यानं पत्रा कापला त्याचं कमळ. तुझं कुठंय?" मी म्हटलं, बाई, माझा हात थरथरतो. तुम्ही म्हणालात, "थरथरू दे. थरथरलेली रेघ कुणाची ते विचारावं लागत नाही." मला रडू आलं होतं. शाळा सुटल्यावर तुम्ही मला तुमच्या घरी नेलंत आणि स्वतः कुटून वस्त्रगाळ केलेली विटेची पूड एका कापडी बटव्यात भरून दिलीत. घरी आईनं विचारलं, तिथं पाणीबिणी प्यायलीस का. मी म्हटलं, प्यायले, माठातलं, थंडगार होतं. पुढच्या वेळी मी निघाले तेव्हा आईनं मला थांबवलं नाही.

आणि मग ती स्पर्धा. गावातल्या हॉलमध्ये दर दिवाळीला रांगोळीची स्पर्धा भरायची, मोठी मानाची. मुंबईहून पाहुणे यायचे. नियम असा की प्रत्येक नोंदलेल्या सोसायटीनं किंवा मंडळानं आपल्या मुली पाठवायच्या. नाल्यापलीकडच्या वस्तीची जागाच कागदावर कुणाच्या नावावर नव्हती, तर सोसायटी कुठून नोंदणार? वर्गातल्या सगळ्यांत चांगला हात असलेल्या मुली तिथल्या, आणि त्यांना हॉलमध्ये एक फरशी मिळेना. तुम्ही कमिटीकडे गेलात. सगळे गोड बोलले. बाई, तुमच्या मुलींबद्दल आमचं काहीच म्हणणं नाही, नियमच तसा आहे. त्या नियमात कुणाचं नाव नव्हतं, त्यामुळे भांडायला समोर कुणी सापडतच नव्हतं. हे मला आत्ता लिहिता येतं. तेव्हा मला एवढंच कळलं की तुम्ही परत येताना गप्प होतात.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी तुम्ही आम्हाला हॉलच्या पायऱ्यांवर बोलावलंत. वस्तीतल्या मुली आणि आम्ही दोघी-तिघी चाळीतल्या. पायऱ्या झाडल्या, पुसल्या. मी भीत भीत विचारलं होतं, बाई, रांगोळी तर देवाची, ती अशी भांडणात काढलेली चालते का. तुम्ही हसलात. तुम्ही बुद्धाला मानणाऱ्या, मी सोमवार धरणारी. म्हणालात, "ते तू तुझ्या देवाला विचार. मला एवढंच ठाऊक आहे, मागणं असो की पूजा, घाण जागेवर मांडायची नाही." मग आम्ही खालच्या पायरीपासून उंबऱ्यापर्यंत काढत गेलो. वस्तीची घरं, नळ, नळापुढच्या हंड्यांची रांग, आणि मधून वाहणारा नाला, त्या दिवसांत तो कंपन्यांच्या पाण्यानं जसा वाहायचा तसा, अर्धा लाल, अर्धा हिरवा. पाय ठेवायला बोटभर जागा नाही. पाहुणे आले, कमिटी आली, आणि सगळे खाली उभे. एक गृहस्थ म्हणाले, अहो बाई, वाट सोडा. तुम्ही पदर खोचून कडेला उभ्या होतात. "वाट मोकळीच आहे. पाय टाकायची तयारी तेवढी पाहिजे."

कुणी टाकला नाही, बाई. दिवाळीच्या दिवसांत रांगोळीवर पाय द्यायची कुणाची छाती? कुजबुज झाली आणि अख्खी कमिटी पाहुण्यांना घेऊन मागच्या दारानं आत गेली, चहाच्या किटल्या जातात त्या दारानं. माझ्याशेजारी माझी मैत्रीण, वस्तीतलीच, हळूच म्हणाली, "आज सायबांना कळलं मागचं दार कुठंय ते," आणि आम्ही तोंडात ओढणी कोंबून हसलो. थोड्या वेळानं मुंबईचे मुख्य पाहुणे एकटेच बाहेर आले, चपला काढून खालच्या पायरीशी बसले आणि बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, ह्या मुलींच्या रांगोळ्या आत का नाहीत. पुढच्या वर्षी नियम बदलला. तोवर तुमची बदली बदलापूरच्या शाळेत झाली होती. आम्हाला वाटलं, शिक्षाच. तुम्ही रांगोळीचा डबा घेऊन निघताना म्हणालात, त्यात काय, तिथल्या मुलींनाही हात आहेतच की.

आता परवाचं. चिखलोलीकडे आमची नवी सोसायटी झाली, मुलानं घर घेतलं, मुलगा, सून, नात आणि मी तिथंच राहतो. नवं स्टेशन होणार म्हणून सगळीकडे खोदाखोद. शेजारी एक मोठं कलाभवन उभं राहिलंय. आत गार हवा, लाल खुर्च्या, नाटकं, गाण्याचे कार्यक्रम व्हायचेत. मला खरंच आनंद झाला होता. आपल्याकडे एवढं चांगलं काही होतं का कधी? नंतर कळलं की गाड्या लावायला जागा कमी पडेल, म्हणून पाठीमागच्या वस्तीचं मैदान घेणार आहेत. त्या मैदानाला नाव नाही, कुंपण नाही. पण जयंतीच्या आधी तिथं बायका ढोलकीवर गाण्यांची तालीम करतात, पोरी लेझीम शिकतात, लग्नं तिथंच लागतात आणि माणूस गेलं की शोकसभाही तिथंच होते. पायऱ्यांवर माझ्याशेजारी होती ती मैत्रीण आता त्या वस्तीत राहते, ढोलकी तीच वाजवते. तिनं हरकतीचा अर्ज दिला, सह्या गोळा केल्या, चार वेळा कचेरीत गेली. मला म्हणाली, "जातीवर कुणी बोलत नाय गं. सगळे म्हणतात, ताई, बरोबर आहे तुमचं, पण नकाशात मैदानच नाय." मला एकदम तुमची ती गप्प परतण्याची संध्याकाळ आठवली. गाण्याचं घर बांधायचं आणि गाणाऱ्यांच्या पायाखालची जमीन काढून घ्यायची, हे कोणत्या हिशेबात बसतं? घरखर्चाची वही मी लग्न झाल्यापासून लिहिते, पण हा मेळ मला लागेना.

त्याच आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. कलाभवनाच्या उद्घाटनाला दारात स्वागताची मोठी रांगोळी हवी, आणि ती काकूंनीच काढायची, असं ठरलंय म्हणे. सून खूश झाली, म्हणाली, आई, मस्त फोटो टाकू. मी म्हटलं, विचार करून सांगते. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. शिवमंदिरात गेले. त्या मंदिराच्या भिंतीवर किती कोरलंय, बाई, कुणी कुणी कोरलं त्यांची नावं कुठंच नाहीत. पिंडीवर पाणी घातलं आणि तुम्ही सांगितलं होतंत तसं देवालाच विचारलं. देव काही बोलत नाही, पण परत येताना माझा जीव हलका होता. मैत्रिणीला फोन केला आणि म्हटलं, मैदान खोदायला मशीन कधी येणार ते फक्त सांग, आणि झाडू जास्तीचे आण.

उजाडता उजाडता आम्ही मैदानाचं तोंड झाडून काढलं. सडा टाकला. वस्तीतल्या बायका, काही लहान पोरी, आणि आमच्या सोसायटीतून मी आणि सून, एवढ्याच. सून म्हणाली, आई, गुडघे बघा तुमचे, मी काढते, तुम्ही सांगा. मी ऐकलं नाही. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही मैदान काढलं, त्यात ढोलकी, लेझीम, मांडव, पांढऱ्या साडीतल्या बायका. माझी प्रत्येक रेघ थरथरत होती. जेसीबी आला तेव्हा आम्ही सगळ्या उठून कडेला जाऊन बसलो. बरोबर आलेले कचेरीतले साहेब उतरले आणि म्हणाले, हा काय प्रकार आहे, रस्ता का अडवलाय. माझी मैत्रीण पदरानं हात पुसत म्हणाली, "कुठं अडवलाय, साहेब? आम्ही तर कडेला बसलोय. समोर नुसती रांगोळी हाय."

साहेबांनी चालकाला खूण केली. चालक मराठवाड्याकडचा असावा, मशीनच्या पुढं त्यानं लिंबू-मिरची बांधलेली, काचेवर कुंकवाचा टिळा. त्यानं इंजिन बंद केलं. साहेब ओरडले तसा तो खाली उतरला, रांगोळीच्या अलीकडेच थांबला आणि म्हणाला, "साहेब, सकाळी मशीनची पूजा करून निघालोय. बायामाणसांनी काढलेल्या रांगोळीवर चाक नाही घालणार मी. दुसरा ड्रायव्हर बघा." साहेब फोनवर बोलत बोलत लांब गेले, परत आले, परत गेले. शेवटी मैत्रिणीच्या जुन्या हरकतीवर सुनावणी घेतो आणि तोवर काम थांबवतो, असं त्यांनी तिथंच कागदावर लिहून दिलं. एवढंच. मैदान वाचलं असं मी म्हणणार नाही. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे, आणि कचेरीत रांगोळी चालत नाही, तिथं नकाशा लागतो. पण मैत्रीण आता एकटी जाणार नाही. सून तिच्याबरोबर जाईल, तिला जमिनीच्या मोजणीचे कागद वाचता येतात. आणि त्या संध्याकाळी वस्तीत तालीम झाली, त्याच मैदानावर, रांगोळी न मोडता कडेकडेनं.

सेक्रेटरी जिन्यात भेटले. म्हणाले, काकू, तुम्ही इतक्या देवभोळ्या, तुम्ही ह्या भानगडीत? मी म्हटलं, देवभोळी आहे म्हणूनच, साहेब. आणि उद्घाटनाच्या रांगोळीचं सांगायचं राहिलं होतं, तेही सांगून टाकलं. ज्या दिवशी मागच्या वस्तीतल्या पोरी त्या स्टेजवर लेझीम घेऊन चढतील, त्या दिवशी मी त्या दारात फुकट रांगोळी काढीन, तोवर नाही. ते म्हणाले, असं कसं. मी म्हटलं, असंच. एवढं तोडून मी आजवर कुणाशी बोलले नव्हते. वर येऊन पाणी प्यायले, आणि मला वाटलं, आत्ता तुम्ही पदर खोचून कडेला उभ्या असाल.

हे पत्र कुठं पाठवणार? ते मी रांगोळीच्या डब्याच्या तळाशी घालणार आहे, कागद म्हणून, वर रांगोळी भरायची. तुमचा बटवाही त्यातच आहे, रिकामा, पण अजून विटकरी. आणि डबा उघडलाच आहे तर एक सांगून टाकते, नाहीतरी तळाशी बसून तुम्हाला दिसणारच. त्यात उल्हासनगरच्या बाजारातून आणलेले प्लॅस्टिकचे तीन छापे आहेत, बाई. गुडघे दुखतात, सकाळी नातीच्या डब्याची घाई असते. तुमच्याबद्दल एवढं लिहिलं खरं, पण घरच्या दारात मी रोज छाप्यानंच काढते.