ओट्याला पॉलिश नको

८ फेब्रु., रवि.

प्लंबरने सिंकखालचा पाइप काढताना ओट्याचा कडप्पा फोडला. हातोडा असा हाणला की सिंकपासून पार गॅसपर्यंत चीर. वर मलाच म्हणतो, "काकाजी, दगडच जुना होता." जुना तर मीही आहे, माझ्यावर हाणला नाही हे नशीब.

म्हणजे आता ओटा नवा. धूळ, कामगार, दगडवाल्यांकडे चकरा. निवृत्त झालो तेव्हा ठरवलं होतं, सावनेरची बस सुटली, खाणीचं ऑफिस सुटलं, आता कुठेही जायचं नाही. हुडकेश्वरला घर बांधलं ते पाय पसरून बसायला. पाय पसरायला कोण देतं!

सौ. इंदू ओट्यापाशी आली. चिरेवरून बोट फिरवत उभी राहिली. मग म्हणाली, "याले मी न पाहता ओळखत होती जी."

संध्याकाळचे थेंब घातले तिच्या डोळ्यांत. थेंब घालताना डॉक्टरांचं वाक्य आठवतंच. काचबिंदूत गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळायचं. इं.ला समोरचं दिसतं. बाजूचं गेलं. लख्ख उजेड समोर आला की समोरचंही पांढरं होतं.

१० फेब्रु., मंगळ.

नितीनचा पुण्याहून व्हिडिओ कॉल. चिरंजीवांना सगळं माहीत असतं. "बाबा, ब्लॅक ग्रॅनाइट घ्या, मिरर पॉलिश. सगळे तेच लावतात. डोळे मिटून घ्या."

इं. हसली. "मिटूनच घ्या लागन आता."

पोराचा चेहरा पडला. मग सावरून म्हणाला, खरं तर ओट्याचा एवढा विचार करूच नका. स्वयंपाकाला बाई लावा. आईने आता गॅसपाशी जाऊच नये. बरोबरच बोलला. मागच्या महिन्यात तिच्या पदराला धग लागली होती, ते मी त्याला सांगितलं होतं. सांगायला नको होतं.

फोन ठेवल्यावर ती ओट्यापाशी गेली. मग: "ओट्यापाशी बाई उभी राहिली तं मी कुठं उभी राहू?"

मी म्हटलं, कोण बाई लावतंय. लावणार नाही. ओटा असा करू की तुला त्रास होणार नाही. बोलून बसलो. आता निस्तरा.

१२ फेब्रु., गुरु.

वर्धा रोडला बब्बूभाईचं दगडाचं दुकान. मोठमोठे दगड उभे करून ठेवलेले. एकाच दगडाचे इतके नखरे असतात हे या वयात कळलं. आरशासारखं पॉलिश. मॅट, म्हणजे घासलेला गुळगुळीत पण चमक नाही. लेदर, म्हणजे चामड्यासारखा उंचसखल. आणि एक आगीने जाळून खरखरीत केलेला, तो अंगणाला. बब्बूभाई मॅट दगडावर मग्गाभर पाणी फेकून दाखवत होता, "पॉलिश के बाद ऐसा दिखेगा, अंकल." दगड ओला केला की सगळेच दगड सुंदर.

नितीनचा काळा ग्रॅनाइट पाहिला. वर ट्यूबलाइटांची रांग. इं.ने हात मागे घेतला. "इथं पाणी सांडलं ना जी?"

कोरडा ठणठणीत होता. ट्यूबलाइट दिसत होत्या त्यात. बब्बूभाईला काय कळलं कोण जाणे, त्याने खांद्यावरचं फडकं घेतलं आणि कोरडा दगड नीट पुसला. "हो गया, आंटीजी." भला माणूस. मी मात्र उगाच त्याच्यावरच खेकसलो की इतक्या लाइट कशाला लावून ठेवल्यात.

येताना रिक्षा केली. गुडघे दुखताहेत. काळा बाद.

१५ फेब्रु., रवि.

सदर भागातल्या दगडांच्या शोरूमला. ए.सी., काचेचं दार. इं. दाराला धडकता धडकता राहिली, मी दंड धरला. तिला दंड धरलेला आवडत नाही. तिथली पोरगी टॅबवर चित्रं दाखवत होती. दगड घ्यायला आलेल्यांना दगडाची चित्रं!

"मॅडम, लेदर फिनिश खूप ट्रेंडिंग आहे." मॅडमनी टॅब बाजूला सारून विचारलं, "दगड नाही का वं माय, हात लावाले?"

होते. नमुने तळहाताएवढे. तीन घरी आणले, एकाच करड्या दगडाचे: पॉलिश, मॅट, लेदर. पिशवी मी उचलली. खांदा गेला.

१७ फेब्रु., मंगळ.

इं.ने परीक्षा घेतली. जेवणाच्या टेबलावर तीन नमुने मांडले. तात्पुरती शेगडी गॅलरीत, मी तिचा मदतनीस. ती ज्या घरची, तिथे पाटवडीचं बेसन थेट ओट्यावरच थापतात. ताट वगैरे काही नाही. सासरी आल्यावरही तिने ते सोडलं नाही. माझी आई बोटं मोडायची, पण पाटवडी खाताना गप्प असायची.

तिन्ही दगडांवर गरम बेसन थापलं, वड्या कापल्या, काढल्या, पुसलं.

पॉलिश: पुसायला सोपा, पण स्टीलचा पेला ठेवला तर तिला नुसती चमक दिसते.

मॅट: उत्तम. स्टीलचा पेला ठेवला तर तिला पेला पेल्यासारखा दिसतो. चमक नाही, सावल्या नाहीत. मला आनंद झाला. मी तिथेच म्हटलं, झालं, मॅट.

लेदर: बेसन खळग्यांत बसलं. तिने पुसलं, हात फिरवला. परत पुसलं. परत हात. "हे बेसन आहे का दगडच असा आहे?" मी म्हटलं, थोडं बेसन आहे. तिने दगड बाजूला आदळला. "म्हंजे दर वेळेस तुमाले विचारू? माह्या ओट्यावर मुंग्या फिरतीन अन् मले मालूम नाही पडन. पाहुणे पाहतीन."

गॅसची, भाजण्याची तिला भीती नाही. ओटा घाण राहील आणि कोणी आपल्याला सांगणार नाही, याची आहे. इतकी वर्षं संसार केला, मला हे आज कळतंय.

लेदर बाद.

१९ फेब्रु., गुरु.

दुपारी ती झोपली होती. मी डोळ्यांना रुमाल बांधला आणि नमुन्यांवर मोहरी टाकली. काय करायचं होतं नक्की सांगता येत नाही. पाहायचं होतं तिला कसं वाटतं.

पॉलिशवर हात फिरवला की मोहरीचा एक दाणाही बोटाला टोचतो. बाकी सगळं पाण्यासारखं सपाट, त्यामुळे जे आहे ते लगेच कळतं. मॅटवर कळतं, पण थोडं शोधावं लागतं. वाळलेलं पीठ तर दगडासारखंच लागतं.

मोहरीचा डबा पडला तेव्हा ती उठून आली. "काय करून राहिले जी? लहान पोर झाले का?" रुमाल अजून डोळ्यांवर. हसली, पण जवळ येऊन गाठ तिनेच सोडली.

डोळ्याला मॅट बरा, हाताला पॉलिश. हे तिला सांगायचं नाही. मॅटच घ्यायचा.

२१ फेब्रु., शनि.

सकाळी चहा पिताना म्हणाली, "पॉलिश घ्या."

मी म्हटलं, वेड लागलं का? चमक जाते ना डोळ्यात? पेला दिसत नाही. तिथे पाणी नसताना पाणी दिसलं तुला.

"आता जाते चमक. मंग नाही जाणार."

मला कळलं, तरी मी म्हटलं, मग म्हणजे कधी.

"हातासाठी घ्या जी. डोळ्यासाठी किती दिवस घ्यान? ओटा काय दरवर्षी बदलते का कोनी?"

मी कप तसाच ठेवून बाहेर पडलो. चौकापर्यंत गेलो, काहीच काम नव्हतं. राग आला होता. तिचा नाही. कोणाचा ते लिहिता येत नाही. मी थेंब घालतो, वेळ चुकवत नाही, डॉक्टरकडे नेतो, आणि ही बाई आंधळेपणाचा ओटा निवडते, जणू लग्नाचा बस्ता काढायला बसली आहे. मला रडू आलं. भाजीवाल्यासमोर. कांदे घेतले आणि आलो.

२२ फेब्रु., रवि.

दिवसभर भांडण. म्हणजे मी भांडलो. डॉक्टर म्हणाले आहेत उरलेलं सांभाळता येतं. तू आत्ताच हात टेकलेस तर मी थेंब कशाला घालतो?

"थेंब घाला नं. मी कुठं नाही म्हटलं." मग उमरेडचं, माहेरचं काढलं. तिच्या वडिलांचा हातमाग होता. खोलीत अंधारच असायचा. "धागा तुटला का बाबा मले हाक मारे. मी पाहे नाही, हात लावो. हातानंच सापडे. तेव्हा कोनी म्हणे का, पोरगी आंधळी आहे?"

तेव्हा तू दहा वर्षांची होतीस, मी म्हटलं.

"हात तेच आहेत जी."

मी थेंबांची बाटली आणायला उठलो. रात्री वरण-भात, कालचे कांदे तोंडी लावायला. गॅलरीत ऊन यायला लागलं आहे, शेगडी फार दिवस तिथे चालणार नाही. होळी तोंडावर.

२५ फेब्रु., बुध.

बब्बूभाईकडे परत. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी मागितल्या. तो बिचारा एकदा तिच्याकडे पाहतो, एकदा माझ्याकडे. मग म्हणाला, "अंकल, अभी मॅट लगवा लो. बाद में आंटीजी बोलेंगी तो घर आके मशीन से पॉलिश मार देंगे. धूल उड़ेगी, बस."

हे आधीच बोलला असता तर? आम्ही विचारलंच नव्हतं.

इं.ने क्षणभर विचार केला. "होते का तसं? मंग मॅटच टाका. मी सांगीन तवा पॉलिश."

भांडण मिटलं. करडा, मॅट. हसत घरी आली, वाटेत पुरणासाठी डाळ घ्यायची आठवण केली. मी जिंकलो म्हणायचं. पण आता एक दिवस पुढे कुठेतरी ठेवला आहे, आणि तो दिवस ती सांगणार आहे. यापेक्षा आजच पॉलिश घेतलं असतं तर निदान वाट तरी पाहायला लागली नसती.

१ मार्च, रवि.

ओटा बसला. घरभर पांढरी धूळ, डाळीत, चष्म्यावर, देवांवर. बब्बूभाईने तेल-हळद मुरू नये म्हणून काहीतरी चोपडलं. जाताना कार्ड दिलं, खिशात टाकलं.

इं.ने नव्या ओट्यावर पहिला हात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरवला. "गार आहे." एवढंच. मग सिंकपासून गॅसपर्यंत वितीवितीने अंतर मोजलं आणि मला बाहेर काढलं.

५ मार्च, गुरु.

पुरणपोळ्या झाल्या, आज कालचा रस्सा. सावजी मसाल्याचं तेल सांडलं, चोपडलेलं असूनही पिवळट डाग राहिला. नितीनने फोनवर पाहिला. "बघा, म्हणून म्हणत होतो. पॉलिश असतं तर डाग पडला नसता. त्याला बोलवा, पॉलिश करून घ्या."

मी म्हटलं, डाग राहू दे. घरात माणसं जेवतात हे कळायला हवं.

पण संध्याकाळी ती देवाजवळ असताना सोडा आणि लिंबू लावून घासला. लिंबाने त्या जागी आणखी पांढरट झालं. आता दोन डाग. तिला दिसले नाहीत, किंवा दिसूनही बोलली नाही. हल्ली मी सारखा फडकं घेऊन ओट्याभोवती. काही सांडलं की मी आधी. तिच्या हाताला काही लागू नये, पॉलिशचं नाव निघू नये. काल चिडली: "बाई नाही लावली, बुवा लावला."

११ मार्च, बुध.

धंतोलीला तपासणी. डॉक्टर नेहमीप्रमाणे कमी बोलले. एक थेंब वाढवला. मी विचारलं, उरलेलं तेवढंच आहे ना? "बघू पुढच्या वेळी." हे उत्तर आहे का? रिक्षात इं. म्हणाली, ऊन तापून राहिलं, कुरड्या घालायला हव्यात.

घरी आल्यावर, सहज: "बब्बूभाईचा नंबर ठेवला ना जी?"

"हाव."

ठेवलेला नाही. कार्ड शर्टाच्या खिशात राहिलं, शर्ट मशीनमध्ये गेला. लगदा मीच काढून फेकला. दुकान कुठे आहे ते माहीत आहे, आणायचं तर आणता येईल. आणलं नाही.

१८ मार्च, बुध.

सकाळी उठलो तर ती स्वयंपाकघरात. पडदा ओढलेला, अंधार होता. ओटा पुसत होती. एका हातात फडकं, दुसरा उघडा हात त्याच्या मागून, सावकाश. गॅसपाशी थांबला, काहीतरी चिमटीत उचललं, सिंकमध्ये टाकलं, पुढे गेला. मी दारात. तिला मी तिथे आहे हे माहीत नव्हतं असं वाटतं.

मी दिवा लावला.

"काहून लावला जी?" मागे वळली नाही. हातही थांबला नाही. "दिसते मले."

बटणाचा आवाज ऐकून म्हणाली की उजेड पाहून, हे विचारायला तोंड उघडलं, आणि चहा मागितला.